एका देशाची लाईट जाते तेव्हा

28 एप्रिल 2025, सोमवार. माझी मावसबहीण लिस्बनमध्ये एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करते. रोज तिकडच्या दुपारच्या सुट्टीत, म्हणजे आपल्या बेळगावात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, ती घरी फोन करते. त्या दिवशी फोन आला नाही. मी मेसेज केला, तर एकच टिक. अर्ध्या तासाने टीव्हीवर बातमी दिसली की स्पेन आणि पोर्तुगाल, दोन्ही देशांची वीज एकदम गेली आहे.

आजीने लागोपाठ तीन प्रश्न विचारले. "लाईट गेली तर फोन का लागत नाही? फोन बॅटरीवर चालतो ना?" मग, "आमची लाईट गेली तर पलीकडच्या गल्लीत असते. अख्ख्या देशाची एकदम कशी जाईल?" आणि शेवटी, "आता परत कधी येणार?"

मला तिन्हींपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी; विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. पण आजीचे प्रश्न डोक्यातून जाईनात, म्हणून नंतर जमेल तसं वाचत गेले. "पायाभूत सुविधा" हा शब्द आपण निबंधात शंभर वेळा लिहितो. त्याचा अर्थ मला त्या रात्रीमुळे थोडाफार कळला, तो इथे सांगते.

आधी देश कसा आहे ते पाहू

पोर्तुगाल हा सुमारे एक कोटी लोकवस्तीचा देश. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला फक्त स्पेन. तिसरा शेजारीच नाही. ही साधी भूगोलाची गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

वाहतूक बघा. या देशातली पहिली रेल्वे 28 ऑक्टोबर 1856 ला लिस्बन ते कारेगादू अशी धावली. बोरीबंदर ते ठाणे गाडी त्याच्या तीन वर्षं आधी, 1853 मध्ये सुरू झाली होती. म्हणजे पोर्तुगालच्या आधी मुंबईला रेल्वे मिळाली! पोर्तुगाल आणि स्पेनमधल्या जुन्या मार्गांची रुंदी 1668 मिलिमीटर, तर फ्रान्समध्ये 1435. त्यामुळे त्यांची गाडी सरळ फ्रान्सच्या रुळांवर जाऊ शकत नाही. लिस्बनजवळ तेजू नदीवर दोन प्रचंड पूल आहेत. 1966 च्या पुलाला आधी हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. 1974 च्या क्रांतीनंतर तो "25 एप्रिल पूल" झाला, आणि 1999 पासून त्याच्या खालच्या मजल्यावरून रेल्वेही जाते. 1998 चा वास्को द गामा पूल जोडरस्त्यांसह सुमारे 17 किलोमीटर लांब आहे. आपल्याकडे फास्टॅग येण्याच्या कितीतरी आधी, 1991 मध्येच, तिथे टोलनाक्यावर न थांबता पैसे भरण्याची "व्हिया व्हेर्द" ही सोय सुरू झाली.

ऊर्जेत तर पोर्तुगाल पुढारलेलाच म्हणायला हवा. नोव्हेंबर 2021 मध्ये कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र बंद झालं. 2024 मध्ये देशात वापरलेल्या विजेपैकी सुमारे 71 टक्के वीज पाणी, वारा, सूर्य अशा अक्षय स्रोतांतून आली. दूरसंचाराचं म्हणाल तर सिनेश या बंदरापासून ब्राझीलच्या फोर्तालेझापर्यंत समुद्राखालून थेट केबल गेली आहे. ती 2021 मध्ये सुरू झाली.

आणि पाणी. लिस्बनला पाणी पुरवणाऱ्या मुख्य धरणाचं नाव कास्तेलो द बोद. झेझर नदीवरचं हे धरण 1951 चं, उंची 115 मीटर. नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आजीचा दुसरा प्रश्न: अख्ख्या देशाची कशी गेली?

आपल्या गल्लीची लाईट जाते तेव्हा बहुतेक वेळा एखादा ट्रान्सफॉर्मर किंवा तार बिघडलेली असते. मागचं जाळं शाबूत असतं. त्या दिवशी मागचं जाळंच कोसळलं.

हे समजायला आपल्या नळाचं उदाहरण चालेल. व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब असं समजा. पाइपात दाब फार कमी झाला तर वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, फार वाढला तर जोड फुटतात. विजेच्या जाळ्यातही दाब एका मर्यादेत ठेवावा लागतो. तो मर्यादेबाहेर गेला तर वीजकेंद्रं स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप जाळ्यापासून तुटतात. आपल्या घरातला एमसीबी पडतो ना, तसंच.

त्या दुपारी स्पेनमध्ये आधी अर्धा तास दाब वरखाली होत होता. मग तो वाढत गेला आणि दक्षिण स्पेनमधली काही केंद्रं तुटली. खरी गोची इथे आहे. दाब आवरून धरण्याचं कामही वीजकेंद्रंच करत असतात, त्यामुळे ती तुटल्यावर दाब आणखी वाढला, म्हणून आणखी केंद्रं तुटली. पत्त्यांच्या बंगल्यासारखं झालं. पाच सेकंदांत सुमारे 15,000 मेगावॉट वीज गायब झाली, म्हणजे त्या क्षणी स्पेनला लागणाऱ्या विजेच्या जवळजवळ 60 टक्के. फ्रान्सशी जोडणाऱ्या तारा तुटल्या. पोर्तुगाल तेव्हा स्पेनकडून भरपूर स्वस्त वीज घेत होता. लिस्बनच्या घड्याळात 11 वाजून 33 मिनिटं झाली होती आणि पोर्तुगालही अंधारात गेला.

लगेच अफवा सुरू झाल्या. कुणी सायबर हल्ला म्हटलं, कुणी विचित्र हवामान. पुढच्या तपासात सायबर हल्ल्याचा पुरावा सापडला नाही. "हा सौरऊर्जेचा दोष" असंही बरेच जण म्हणाले, पण ते अर्धवट आहे. स्पेन सरकारच्या जून 2025 च्या अहवालात दाब सांभाळण्याची व्यवस्था अपुरी पडल्याचं म्हटलं आहे. ज्या केंद्रांनी हे काम करायचं होतं, त्यांपैकी काहींनी ते हवं तसं केलं नाही. आणि सौर केंद्रांना तर तेव्हाच्या नियमांनुसार ते काम दिलेलंच नव्हतं. म्हणजे नवी वीज आली होती, पण तिला सांभाळणारे नियम जुनेच राहिले होते.

आणि शेजारी? फ्रान्सशी जोडणाऱ्या तारा गरजेच्या मानाने फार थोड्या आहेत. म्हणून स्पेन-पोर्तुगालला "ऊर्जेचं बेट" म्हणतात. रुळांनी वेगळे आणि तारांनीही वेगळे. त्यात पोर्तुगालला तर स्पेनशिवाय दुसरा हात धरायलाच कुणी नाही.

पहिला प्रश्न: मग फोन का लागत नाही?

आपला मोबाईल बॅटरीवर चालतो हे खरं, पण तो बोलतो टॉवरशी. टॉवरला वीज लागते. टॉवरखाली बॅटऱ्या असतात, पण त्या बहुधा काही तासांपुरत्याच. शिवाय अशा वेळी सगळेच एकदम फोन करतात. त्यामुळे लिस्बनमध्ये दुपार उतरत गेली तसे फोन मुके होत गेले.

बहिणीने नंतर सगळं सांगितलं. मेट्रो बंद, सिग्नल बंद, म्हणून ती दोन तास चालत घरी गेली. वाटेत दुकानांसमोर पाण्याच्या बाटल्या आणि सेल घ्यायला रांगा. कार्ड चालेना, फक्त रोख पैसे. तिच्या पर्समध्ये पाच युरो होते. पाचव्या मजल्यावरच्या घरात नळाला थेंब थेंब पाणी, कारण बिल्डिंगचा पंप बंद. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंकडे सेलवरचा जुना रेडिओ होता. अख्खी बिल्डिंग जिन्यात बसून तो ऐकत होती. "पहिल्यांदाच सगळ्या शेजाऱ्यांची नावं कळली," असं ती म्हणाली.

वाहतूक, ऊर्जा, दूरसंचार, पाणी हे पुस्तकात चार वेगळे धडे असतात. पण पंपाला वीज लागते, टॉवरला वीज लागते, सिग्नलला वीज लागते. आणि वीज परत आणणाऱ्या माणसांना एकमेकांशी बोलायला फोन लागतो, कामावर पोचायला रस्ता लागतो! चारही एकमेकांचा हात धरून उभे आहेत. एक पडला की बाकीचे डगमगतात.

याला एक जुना अपवाद लिस्बनमध्येच आहे. 1731 मध्ये राजा पाचव्या जुआंवच्या आज्ञेने बांधायला घेतलेला "आग्वाश लिव्ह्रश" हा जलसेतू. 1748 मध्ये त्यातून शहराला पाणी आलं. आल्कांतारा दरीवरची त्याची सगळ्यात उंच कमान 65 मीटर आहे. 1 नोव्हेंबर 1755 ला, ऑल सेंट्सच्या सणादिवशी, भूकंपाने लिस्बन उद्ध्वस्त झालं, पण हा जलसेतू उभाच राहिला. त्याला पंप नव्हता. पाणी उताराने येत होतं. आता तो शहराला पाणी पुरवत नाही, आणि आजच्या लिस्बनला तो पुरलाही नसता. पण उताराचं पाणी लाईट गेली म्हणून थांबत नाही, एवढं मात्र तो शिकवतो.

तिसरा प्रश्न: परत कशी आणतात?

मला वाटायचं, कुठेतरी एक मोठं बटण असेल. तसं काही नसतं. गंमत अशी की वीजकेंद्र सुरू करायलाच वीज लागते. पंप, पंखे, नियंत्रण यंत्रणा, सगळ्याला. रोज ती वीज जाळ्यातून मिळते. जाळंच मेलेलं असेल तर? मग अशी केंद्रं लागतात जी बाहेरच्या विजेशिवाय स्वतःच्या बळावर सुरू होतील. याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात.

त्या दिवशी पोर्तुगालकडे या कामासाठी दोनच केंद्रं होती. एक पोर्तोजवळचं तापादा दु ओतैरू, गॅसवरचं. दुसरं कास्तेलो द बोद! होय, लिस्बनला पाणी देणारं तेच धरण. साठवलेलं पाणी सोडलं की टर्बाइन फिरतं, एवढ्या साध्या गोष्टीवर देशाची राजधानी पुन्हा उभी राहिली.

पण घाई चालत नाही. थोडी वीज, तेवढेच ग्राहक. मग आणखी थोडी वीज, आणखी थोडे ग्राहक. पुरवठा आणि वापर यांचा तोल क्षणभर जरी गेला तरी सगळं पुन्हा कोसळतं. दोन केंद्रांभोवती उजेडाची दोन छोटी बेटं हळूहळू वाढवत नेली आणि मग जोडली. मध्यरात्र होईपर्यंत पोर्तुगालमधल्या बहुतेक घरांत वीज आली होती. बेळगावात तेव्हा पहाटेचे साडेचार होत होते. माझ्या मेसेजला दुसरी टिक आली. आजी जागीच होती, हातात जपमाळ घेऊन.

त्यानंतर पोर्तुगाल सरकारने अशी केंद्रं दोनावरून चार करायचं जाहीर केलं: बाइशू साबोर आणि आल्केव्हा ही दोन धरणं त्यात वाढवून.

आपलं काय?

हे सगळं दूरच्या देशातलं नाही. 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तर आणि पूर्व भारताची वीज अशीच गेली होती. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून जास्त लोकांना फटका बसला. कर्नाटक मात्र वाचलं, कारण दक्षिणेचं जाळं तेव्हा बाकी देशाशी पूर्ण जोडलेलंच नव्हतं. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची लाइन सुरू झाली आणि देशाचं एकच जाळं झालं. म्हणजे ज्या सीमेवरून आपण इतकी वर्षं भांडतो, तिथूनच कर्नाटक-महाराष्ट्राच्या विजेची गाठ बांधली गेली. या गाठीमुळे एकाची टंचाई दुसरा भरून काढू शकतो. पण एकाचं दुखणंही दुसऱ्यापर्यंत पोचू शकतं. स्पेन-पोर्तुगालचं तेच झालं.

मग जोडलेलं चांगलं की सुटं? मला वाटतं, जोडलेलंच चांगलं, पण घरात पिंप भरून ठेवून. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून मोरीत एक मोठं पिंप आहे. हा "पिंप" शब्दही पोर्तुगीज "पिपा"वरून आपल्याकडे आला, घमेलं आणि चावीसारखाच. कास्तेलो द बोद हे एका देशाचं पिंपच होतं. टॉवरखालची बॅटरी, शेजारणीचा सेलचा रेडिओ, पर्समधले पाच युरो, हीसुद्धा छोटी छोटी पिंपंच. रोजच्या दिवसांत ती अडगळ वाटतात. हिशेब करणाऱ्याला तर तो फुकट खर्च वाटतो. पण लाईट जाते तेव्हा उपयोगी पडतं ते हेच.

बहिणीने आता एक रेडिओ विकत घेतला आहे आणि कपाटात थोडे रोख पैसे ठेवते. आजीला मी तिन्ही उत्तरं समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पिंप भरून ठेवायचं. हे तर मी तुला रोज सांगते."