बंडखोरांच्या मुलखात कॉमिकमधला फौजदार

सुपरहिरो जितका जुना, जवळजवळ तितकाच त्याच्या शेजारचा पोलिसही. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात बॅटमन पहिल्यांदा आला, त्याच गोष्टीत कमिशनर गॉर्डनही आहे. १९५५ मधला मंगळवासी मार्शियन मॅनहंटर तर जॉन जोन्स नावानं पोलिसात डिटेक्टिव्हची नोकरीच धरतो!

सातारा-सांगलीकडे मात्र खाकीचं कौतुक बेतानंच. इथले नायक सरकारला शिंगावर घेणारे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंचा ‘फकिरा’ (१९५९) इंग्रजांशी झुंजतो. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं तर गावोगाव स्वतःचे न्यायनिवाडे केले.

हे गणित उलटं मांडणारा नायक ‘इंद्रजाल कॉमिक्स’मध्ये १९७६ साली आला : बहादूर. लेखक आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. भगवा कुर्ता, खाली जीन्स. अचाट शक्ती वगैरे काही नाही. बाप दरोडेखोर, विशाल या पोलिस अधिकाऱ्याच्या हातून मेलेला. सूडानं पेटलेल्या या पोराला विशालच पदरात घेतो आणि पुढे बहादूर डाकूंविरुद्ध नागरिकांचं सुरक्षा दल उभारतो. गॉर्डनपेक्षा विशाल कितीतरी अवघड पात्र. गॉर्डन गच्चीवरचा दिवा लावून मदत मागतो आणि सुटतो. विशालला ज्याचा बाप मारला, त्यालाच वाढवायचं असतं.

‘इंद्रजाल’ १९९० मध्ये बंद पडलं. घरच्या माळ्यावर जुने अंक असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा.