लिफीकाठचं कस्टम हाऊस

डब्लिनमध्ये लिफी नदीच्या उत्तर काठावरचं कस्टम हाऊस, म्हणजे जकातघर, बघायला गेलात, तर आधी मान वर करा. खालच्या भिंती इंग्लंडहून आणलेल्या पांढुरक्या पोर्टलंड दगडाच्या आहेत, घुमटाचा मनोरा मात्र काळपट, आयर्लंडच्याच आर्डब्रॅकन चुनखडीचा. रंगातला हा फरक 1921 मध्ये लावलेल्या आगीनंतर मनोरा पुन्हा बांधताना पडला.

इमारतीवरचा राग त्याहून जुना. 1707 चं जुनं जकातघर नदीच्या वरच्या अंगाला, एसेक्स पुलाजवळ होतं. तिथवर मोठी जहाजं पोचणं मुश्कील; पात्रात ‘स्टँडफास्ट डिक’ नावाचा खडकच आडवा. महसूल खात्याचे जॉन बेरेसफर्ड यांनी नवं जकातघर समुद्राकडे सरकवायचं ठरवलं, तसे जुन्या पेठेतले व्यापारी खवळले. बंदर हललं की जागांचे भाव बसणार, हे त्यांना पुरतं कळत होतं. 1781 मध्ये लंडनहून आलेला वास्तुकार जेम्स गँडन सुरुवातीला लपूनछपून राहिला. कामावर जाताना सोबत तलवार असे. विरोधकांचा पुढारी नॅपर टँडी जमाव घेऊन चालून आला तो कुदळी-करवती घेऊनच. त्यात जमीन दलदलीची, खणलं की पाणी. गँडननं लाकडी तुळयांची जाळी अंथरून तिच्यावर पाया रचला. दहा वर्षांनी, 1791 मध्ये इमारत उभी राहिली.

माझ्या मते इथलं खरं वैभव खांब आणि घुमटापेक्षा कमानींच्या माथ्यावर आहे. शिल्पकार एडवर्ड स्मिथनं तिथे 14 चेहरे कोरलेत: आयर्लंडच्या 13 नद्या आणि चौदावा अटलांटिक महासागर. बाकी सगळे बाप्ये, बाई एकटी लिफी. 1928 पासून कितीतरी वर्षं यांतलेच काही चेहरे आयरिश नोटांच्या मागच्या बाजूला होते.

जकातीचा कारभार इथून केव्हाच आटला होता. 25 मे 1921 ला स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीचे (आयआरए) शंभरावर तरुण आत घुसले ते ब्रिटिश सरकारची स्थानिक कारभाराची दप्तरं जाळायला. राज्यकारभार खिळखिळा झाला खरा, पण त्यांचे पाच जण मेले, सत्तरहून अधिक पकडले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कागद राख झाले. इतिहासकार त्याबद्दल अजून हळहळतात. डागडुजी स्वतंत्र आयर्लंडनं केली. आज आत सरकारी कचेऱ्या आणि एक छोटं प्रदर्शन आहे.

दर्शनी बाजूचा फोटो काढायचा तर दक्षिण काठावर, 1891 च्या लोखंडी रेल्वेपुलाच्या पूर्वेला उभं राहा. शहराच्या बाजूनं येताना हा पूल नेमका आड येतो.