उवेचा जुगार

बाजारात मासळी घेताना आपण कल्ला उचलून आतली लाली बघतो. स्कॉटलंड-नॉर्वेच्या नद्यांवर गळ टाकून बसणारे हौशी लोक मात्र सॅमनच्या अंगावर ऊ शोधतात, आणि सापडली की खूश होतात. ही ऊ खाऱ्या पाण्यातली. गोड्या पाण्यात तिचा फार दिवस निभाव लागत नाही. म्हणजे ज्याच्या अंगावर ती अजून चिकटून आहे, तो मासा नुकताच समुद्रातून नदीत शिरलेला, ताजातवाना. ऊ हा ताजेपणाचा दाखला!

(आधी एक खुलासा. आपल्याकडच्या हॉटेलांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून जो मासा ताटात येतो तो आपला रावस. चवीला झकास, पण अटलांटिक सॅमनशी त्याचं नातं नाही.)

आता दुसरा खुलासा: ही ऊसुद्धा ऊ नाही. ती कोळंबी-खेकड्यांच्या भाऊबंदांतली, कवचधारी. शास्त्रज्ञ तिला लेपिओफ्थिरस सॅल्मोनिस म्हणतात, नॉर्वेचे लोक सरळ ‘लाक्सेलूस’, म्हणजे सॅमनची ऊ. पूर्ण वाढलेली मादी कलिंगडाच्या बीएवढी, तशीच चपटी, तपकिरी. मागे शेवयांसारखे दोन दोरे लोंबतात. ती अंडी. एकेका दोऱ्यात शेकडो. एकदा नर भेटला की त्याच शिदोरीवर ती आयुष्यात दहा-अकरा वेळाही अशी जोडी तयार करू शकते.

एवढी अंडी कशाला? कारण पुढे जे घडतं तो निव्वळ जुगार आहे.

अंड्यातून निघालेलं पिल्लू मिलिमीटरहूनही लहान. त्याला खाता येत नाही. आईने अंड्यात बांधून दिलेल्या बलकावरच जगायचं, दोनदा कात टाकायची आणि मग उरलेल्या थोड्या दिवसांत सॅमन गाठायचा. बलक संपला की खेळ संपला. पोहणं जेमतेम, प्रवाह नेईल तिकडे जायचं, कधी कित्येक किलोमीटर. पण हा जीव अगदीच अडाणी नाही. दिवसा तो वर येतो, रात्री खाली उतरतो. वरून मासा गेला की उजेडात पडलेली सावली त्याला कळते, शेपटीने ढवळलेलं पाणी कळतं, आणि अगदी जवळ आल्यावर माशाच्या कातडीचा वास. मग एक झेप. पकड बसली की चाचपणी: हा आपलाच ना? भलता मासा असेल तर सोडून द्यायचं. बरोबर असेल तर डोक्यापासून एक धागा काढून स्वतःला कातडीत खिळवून टाकायचं. मग कात टाकत मोठं व्हायचं आणि माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, कातडी, रक्त यांवर जगायचं. या आयुष्याच्या अवस्था आठ. पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं दहा सांगत होती. नीट मोजल्या गेल्या त्या 2013 मध्ये.

रानटी सॅमनच्या काळात या जुगारात बहुतेक पिल्लं हरत. सॅमन जन्मतो नदीत, काही वर्षं तिथेच वाढतो, वसंतात वीतभर लांबीचा झाला की समुद्रात उतरतो आणि दूर निघून जातो. परततो एक ते तीन वर्षांनी. हिवाळ्यात किनाऱ्याजवळच्या खाड्यांत, नॉर्वेत ज्यांना फ्योर्ड म्हणतात त्यांत, सॅमन जवळपास नसेच. त्यामुळे उवाही ओसरत. वसंतात कोवळे मासे बाहेर पडत तेव्हा वाट बरीचशी मोकळी असे. मधल्या या खंडामुळेच मासा आणि ऊ दोघंही हजारो वर्षं टिकून राहिली. मला तरी या सगळ्या गोष्टीतली ही सर्वांत देखणी व्यवस्था वाटते.

1970 साली नॉर्वेच्या हित्रा बेटाजवळ दोघा ग्रोन्टवेट भावांनी तरंगत्या जाळ्यात सॅमन वाढवून दाखवला, आणि तो खंड बुजायला सुरुवात झाली. आज जगातल्या पाळीव अटलांटिक सॅमनपैकी निम्म्याहून अधिक नॉर्वेत पिकतो. एका जाळ्यात 2 लाखांपर्यंत मासे ठेवायला परवानगी आहे. देशातल्या सगळ्या नद्यांत मिळून वर्षाला परतणारे रानटी सॅमन पाचेक लाखांच्या आसपास, अलीकडे त्याहूनही कमी. म्हणजे तीन जाळी भरली की साऱ्या देशाचे रानटी मासे मागे पडले! आणि हे मासे बारा महिने तिथेच. जाळं मासा अडवतं. पाणी अडवत नाही, पाण्यातलं पिल्लूही नाही.

कायदा कडक आहे. उवा मोजून सरकारला कळवाव्या लागतात. माशामागे सरासरी अर्धी प्रौढ मादी ही मर्यादा, वसंतात त्याहून कमी, 0.2. अर्धी ऊ म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण गणित करून बघा. 2 लाख माशांवर 1 लाख माद्या. एकीच्या दोन दोऱ्यांत मिळून 500 अंडी धरली, तर एका जाळ्यातून एका खेपेला 5 कोटी पिल्लं, तीही नियमात राहून. मोठ्या माशाला दोन-चार उवांचं काही वाटत नाही. नदीतून नुकत्याच उतरलेल्या वीस ग्रॅमच्या पोराला दहाबारा उवा जिवावर उठतात.

म्हणून 2017 पासून नॉर्वेचा किनारा 13 पट्ट्यांत वाटला आहे, आणि प्रत्येकाला सिग्नलसारखा रंग मिळतो. उवांमुळे कोवळ्या रानटी माशांपैकी 30 टक्क्यांहून जास्त मरत असावेत असा अंदाज निघाला तर लाल, आणि धंदा आखडता घ्यायचा.

उपाय किती केले म्हणून सांगू? खाद्यातून औषध दिलं. त्याला न जुमानणाऱ्या उवा पैदा झाल्या आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांना पसरल्या. उवा खाणारे छोटे मासे जाळ्यांत सोडले. ते बिचारे तिथेच मोठ्या संख्येने मेले. तीसेक अंशांच्या पाण्यातून सॅमनला अर्धा मिनिट काढून पाहिलं. ऊ सुटते, पण थंड पाण्याच्या माशाला तो चटका सोसवत नाही. आता पाण्यात लेसर बसवलेत. कॅमेरा ऊ ओळखतो आणि हिरवा किरण तिला जागच्या जागी भाजतो. तिकडे प्रशांत महासागरातल्या कोहो सॅमनची कातडी चिकटलेल्या उवेभोवती सुजते आणि तिला मारून टाकते. तो गुण अटलांटिक सॅमनमध्ये आणता येईल का, यावर जनुकं कापून-जोडून प्रयोग चालू आहेत.

समुद्री ट्राउट मात्र कुणाची वाट बघत नाही. हा सॅमनचा चुलत भाऊ, फ्योर्डमध्येच चरणारा. उवा फार झाल्या की तो समुद्रातला मुक्काम अर्धवट टाकून, कधी कधी उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत, नदीच्या तोंडाशी परत येतो. पंख कुरतडलेले, अंग रोडावलेलं. गोड्या पाण्यात उवा गळून पडतात. पण ज्या खाण्यासाठी तो समुद्रात गेला होता, ते नदीत नसतं.