पिसाची मासोळी

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाण्याशी त्याचं नातं जुनं आहे. दक्षिणेच्या सीमेवरून पैनगंगा वाहते. अडाण, अरुणावती आणि पूस या नद्या तर इथल्याच डोंगराळ माथ्यावरून निघतात. वाशीमजवळ एकबुर्जी, कारंज्याकडे अडाण अशी धरणं आहेत, आणि गावोगावी लहानमोठे तलाव. या पाण्यात भोई समाजाचं जाळं पडतं आणि हौशी माणसाची गरी. गरीला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, एवढंच आमिष बहुतेकांना ठाऊक असतं. जगभरच्या गळकऱ्यांनी मात्र घरच्या टेबलावर एक वेगळंच आमिष घडवलं आहे. त्याचं नाव जिग.

गांडुळाला वास असतो, चव असते. जिगला यातलं काहीच नाही. तिच्याजवळ वजन, रंग आणि हालचाल एवढीच सामग्री. गळाच्या दांडीवर धातूचं गोल डोकं ओतलेलं, त्यावर रंग आणि दोन डोळे, मागे दोऱ्याने घट्ट बांधलेला पिसांचा झुपका. पाण्याबाहेर ती खेळण्यासारखी दिसते. पाण्यात पडल्यावर पिसं ओली होऊन अंगासरशी बसतात, दोरीला झटका दिला की ती उसळते, सैल सोडली की डोकं खाली करून बुडू लागते. जखमी मासोळी अशीच धडपडते. मोठा मासा बहुतेक वेळा ती बुडत असतानाच झडप घालतो.

हे सगळं गळाच्या एका वाकणामुळे साधतं. जिगच्या गळाची दांडी नेढ्याजवळ वाकवलेली असते, बहुधा काटकोनात किंवा साठ अंशांत. त्यामुळे डोकं ओतल्यावर नेढं डोक्याच्या वरच्या बाजूला येतं. दोरी वरून ओढते, वजन खाली राहतं आणि गळाचं टोक आपोआप आभाळाकडे वळतं. तळाच्या दगडांत आणि शेवाळात ते सहसा अडकत नाही. बुडालेली झाडं आणि बाभळीची खोडं असलेल्या तलावात याचं मोल फार मोठं आहे.

डोकं ओतायला दोन फाळ्यांचा साचा लागतो. गळ साच्यात बसवायचा, फाळ्या आवळायच्या आणि वितळलेला धातू पळीने एका दमात सोडायचा. हात थांबला तर डोक्यावर सुरकुती पडते. साचा अगदी कोरडा ठणठणीत हवा. आत पाण्याचा एक थेंब जरी असला, तरी त्याची क्षणात वाफ होते आणि तापलेला धातू अंगावर उडतो. गार झाल्यावर जास्तीचा धातू कापायचा आणि कानशीने कडा साफ करायच्या.

मग रंगाचं काम. आधी पांढरा हात, कारण उघड्या धातूवर पिवळा किंवा नारिंगी रंग मळकट दिसतो. पांढऱ्यावर तोच रंग खुलतो. सराईत कारागीर पावडरचा रंग वापरतात. डोकं ज्योतीवर तापवून पावडरीत क्षणभर बुडवलं की रंग जागीच वितळून चिकटतो. नंतर भट्टीत भाजल्यावर डोकं दगडावर आपटलं तरी रंगाचा सहज टवका जात नाही. घरी नखांचा रंगही चालतो, फक्त दोन पातळ हात आणि वरून पारदर्शक हात द्यायचा. डोळ्यांसाठी कुंचला लागत नाही. मोठ्या खिळ्याचं डोकं पांढऱ्या रंगात बुडवून टेकवायचं, तो रंग वाळला की लहान खिळ्याने मधोमध काळा ठिपका. पावसाळ्यात काळ्या मातीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा काळी किंवा भडक जिग उठून दिसते. हिवाळ्यात पाणी निवळलं की पांढरी नाहीतर रुपेरी.

बांधणीत खरा हात दिसतो. गळ वाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात, धरायचा, दांडीवर दोऱ्याचे जवळजवळ वेढे देऊन पाया करायचा, कारण गुळगुळीत लोखंडावर पीस घसरतं. चिमूटभर पिसं ठेवायची, दोन सैल वेढे देऊन जागेवर आणायची, मगच दोरा ताणायचा. सुरुवातीलाच ताणला तर सगळा झुपका दांडीभोवती फिरतो. शेवटची गाठ वेढ्यांखाली दडवायची आणि वर वार्निशचा थेंब सोडायचा. नवशिके पिसं फार लावतात. जाड झुपका पाण्यात हलत नाही, विरळ झुपका जिवंत होतो.

पिसांच्या बाबतीत आपला देश या कलेचा जुना पुरवठादार आहे. भारतीय कोंबड्याच्या मानेची पिसं जगभरचे बांधणारे वापरतात. राखी रानकोंबड्याच्या मानेवर लाखेसारखे चकचकीत ठिपके असतात. व्हिक्टोरियन काळात इंग्रजांच्या सामन माशाच्या आमिषांसाठी या पिसांना मोठी मागणी होती. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला संरक्षण आहे, मोरालाही आहे. त्यांच्या वाटेला जायचं कारणच नाही. गावठी कोंबड्याच्या मानेचं आणि पाठीचं पीस कोमट पाण्यात साबणाने धुऊन सावलीत वाळवलं की काम भागतं.

जिग सगळ्या माशांसाठी नाही. धरणांत ज्यांचं बीज सोडतात त्यांपैकी कटला वरच्या पाण्यातलं सूक्ष्म अन्न गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. ते कणकेच्या गोळीचे गिऱ्हाईक. जिग लागते ती शिकारी माशांना, म्हणजे मरळ आणि शिवडा यांना. मरळ हवेत श्वास घेते, म्हणून अधूनमधून वर येते आणि तिची जागा कळते. पण पावसाळ्यात पिल्लांचा तांबूस थवा पृष्ठभागावर दिसला, तर तिथे जिग टाकू नये. खाली पालक राखणीला असतो. तो उचलला तर सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. धरणांतल्या मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो, तेव्हा गळ टाकण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.

आता मुख्य गोष्ट. जिगचं डोकं परंपरेने शिशाचं असतं. शिसं स्वस्त, जड आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारं. पण ते विष आहे. त्याची धूळ आणि वाफ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि यात सुरक्षित म्हणावी अशी मात्राच नाही. शिशाच्या गोळ्या गिळून हंस मरू लागले, म्हणून ब्रिटनने १९८७ साली गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आणली. तुटलेल्या दोरीबरोबर गेलेली प्रत्येक जिग तळाशीच राहते, आणि एकबुर्जीचं पाणी तर वाशीम शहर पितं.

पर्याय आपल्या परिचयाचा आहे. पितळी भांड्यांना कल्हई करायला वापरतात ते कथील. ते २३२ अंशांनाच वितळतं आणि त्याच साच्यात ओतता येतं. ते शिशापेक्षा हलकं असल्याने १० ग्रॅमच्या साच्यातून साधारण साडेसहा ग्रॅमचं डोकं निघतं. महाग पडतं हे खरं, पण हलकं डोकं सावकाश बुडतं आणि उथळ पाण्यातल्या मरळीला तेच हवं असतं. ज्याला हा छंद लागेल त्याने पहिली जिगही शुद्ध कथिलाचीच ओतावी, तीही स्वयंपाकघरात नको, अंगणात, मुलांना दूर ठेवून.