पेलेटची शेगडी : कठीण लाकूड की मऊ?

अमेरिका आणि युरोपातील थंड प्रदेशांत हिवाळ्यापूर्वीच इंधनाची बेगमी केली जाते. तेथील अनेक घरांत तेल किंवा गॅसऐवजी लाकडाच्या पेलेट्सवर चालणारी शेगडी असते. १९७३च्या तेलसंकटानंतर पर्यायी इंधनांचा शोध सुरू झाला आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या वायव्य भागात ही घरगुती शेगडी आकाराला आली. ती घेणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो पेलेट्सच्या निवडीचा : ओक, मेपल यांसारख्या कठीण लाकडाचे घ्यावेत की पाइन, फर यांसारख्या मऊ लाकडाचे? अमेरिकेच्या ईशान्य भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही हा प्रश्न उभा राहू शकतो.

मुळात ही नावेच फसवी आहेत. वनस्पतिशास्त्रानुसार रुंद पानांच्या वृक्षांचे लाकूड ते 'कठीण' आणि सूचिपर्णी वृक्षांचे ते 'मऊ'. या हिशेबाने आपल्याकडची नखाने ओरखडा उठेल अशी सावर किंवा पांगारा हीदेखील 'कठीण' लाकडेच ठरतात.

सरपणाच्या बाबतीत कठीण लाकडाची ख्याती रास्त आहे. ते वजनाला भारी असल्याने तेवढ्याच आकाराच्या ओंडक्यातून अधिक उष्णता मिळते आणि निखारे दीर्घकाळ टिकतात. पेलेट्सना मात्र हा न्याय लागू पडत नाही. लाकडाचा भुसा वाळवून तो प्रचंड दाबाखाली साच्याच्या छिद्रांतून काढतात. उष्णतेने लाकडातील लिग्निन मऊ होते आणि तेच डिंकासारखे काम करते. त्यामुळे लाकूड कोणतेही असो, पेलेटची घनता जवळपास सारखीच होते. उलट सूचिपर्णी लाकडात राळ आणि लिग्निन अधिक असल्याने किलोमागे उष्णता साधारण पाच टक्के जास्त मिळते. अमेरिकेत पेलेट्स ४० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १८ किलोंच्या पिशव्यांतून मिळतात. हिवाळ्यात १५० पिशव्या लागणाऱ्या घरात हा फरक ७-८ पिशव्यांचा होतो. तेवढ्यासाठी किती जादा किंमत मोजायची, हे ज्याने त्याने ठरवावे.

मऊ लाकडाच्या राळेमुळे धुराड्यात काजळीचा चिकट थर साचतो, ही भीतीही सरपणाच्या अनुभवातून आलेली आहे. हा थर मुख्यत्वे ओल्या लाकडामुळे आणि मंद, कोंडलेल्या आगीमुळे धरतो. पेलेट्समधील ओलावा दहा टक्क्यांहून कमी असतो आणि शेगडीतील पंखा ज्वलनाला सतत हवा पुरवतो. त्यामुळे राळही जळून जाते. अर्थात, वर्षातून एकदा धुराडे साफ करणे कोणालाच चुकत नाही.

खरा फरक राखेत दिसतो. युरोपातील 'ईएनप्लस' प्रमाणपत्राच्या 'ए-१' श्रेणीत राखेचे प्रमाण ०.७ टक्क्यांपर्यंत चालते. अमेरिकेत उत्तम प्रतीसाठी ही मर्यादा एक टक्का आहे. एक टन पेलेट्समागे अर्धा टक्का म्हणजे पाच किलो राख, तर एक टक्का म्हणजे दहा किलो. शेगडी किती वेळा साफ करावी लागेल, हे यावरच ठरते. साल न मिसळलेल्या मऊ लाकडाची राख बहुधा कमी असते. साल किंवा माती मिसळली असेल, तर राख वितळून जाळीवर खंगर धरतो आणि हवेचे मार्ग बुजतात. पिशवीच्या तळाशी भुकटी फार असेल, तर मळसूत्रातून इंधन नीट पुढे सरकत नाही. म्हणून वर्षाचा साठा करण्यापूर्वी दोन-तीन प्रकारच्या थोड्या पिशव्या आणून आपल्या शेगडीत जाळून पाहाव्यात, हे उत्तम.

एका बाबतीत मात्र लाकडाच्या जातीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. साठवलेल्या पेलेट्समधील मेदाम्लांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. पाइनच्या ताज्या पेलेट्समधून तो विशेष प्रमाणात निघतो. या वायूला ना रंग, ना वास. नोव्हेंबर २००६मध्ये स्वीडनमधील हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेट्स वाहून आणणाऱ्या जहाजावर याच वायूने एका खलाशाचा बळी घेतला. घरात ठेवलेल्या चार पिशव्यांपासून एवढा धोका नसतो. पण ऑस्ट्रिया-जर्मनीतील घरांप्रमाणे तळघरातील बंद कोठीत कित्येक टन पेलेट्स ओतून ठेवले असतील, तर कोठीला हवा खेळती ठेवणारे झरोके हवेतच. तेथे एकट्याने किंवा दार पुरते उघडून हवा येऊ दिल्याशिवाय उतरू नये. विषारी वायूची सूचना देणारे यंत्रही घरात असावे.

सारांश, पिशवीवरील 'कठीण' की 'मऊ' या शब्दाला अवास्तव महत्त्व देण्याचे कारण नाही. राख किती, ओलावा किती, भुकटी किती आणि मिळणाऱ्या उष्णतेच्या मानाने किंमत किती, हे चार प्रश्न विचारावेत आणि साठवणुकीची जागा हवेशीर ठेवावी. मग पेलेट ओकचा असो वा पाइनचा, घर उबदार राहील आणि सुरक्षितही.