वर्ध्याची लेक आणि दुहेरीचा डाव

मैत्रिणींनो, दिवाळी सरली की आमच्या चंद्रपुरातल्या वसाहतींत, मग ती वीज केंद्राची असो, कोळसा खाणीची असो की पलीकडे बल्लारपूरच्या पेपर मिलची, मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा उमटतात. दोन खांब, मध्ये जाळी, वर एक मोठा दिवा. आधी मुलं खेळतात, मग साहेब मंडळी, आणि ओटा आवरून झाला की सगळ्यांच्या शेवटी आपण. कोर्ट एक नि बायका सात-आठ, म्हणून आपण दुहेरीच खेळतो. एकेरी परवडणार कुणाला!

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. एकदा वर्गात विचारलं, बॅडमिंटन खेळणाऱ्या बायकांची नावं सांगा. सायना, सिंधू, की संपली यादी. मी म्हटलं, अगं, आपल्या शेजारच्या वर्ध्यात जन्मलेली एक आहे, ज्वाला गुट्टा. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. दुहेरी खेळणारीचं हे असंच होतं.

ज्वालाचा जन्म ७ सप्टेंबर १९८३ चा. वडील क्रांती गुट्टा तेलुगू, आई येलान चिनी. चीनची मुलगी वर्ध्यात कशी आली म्हणाल, तर गांधीजींमुळे. येलानचे आजोबा गांधीजींच्या सहवासात राहिलेले, त्यांचं लेखन चिनी भाषेत नेणारे. त्यांच्यासोबत ती १९७७ साली सेवाग्रामला आली. पुढे ज्वाला वाढली, खेळली ती हैदराबादेत. वर्ध्याहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग आपल्या वरोरा, चंद्रपूर, बल्लारशाहवरूनच जातो, तेव्हा तिच्यावर आपला थोडा हक्क सांगायला हरकत नाही!

हैदराबादेत एस. एम. आरिफ यांच्या हाताखाली ती तयार झाली. २००० साली ती कुमारी गटात एकेरीची राष्ट्रीय विजेती ठरली, म्हणजे एकटीनं खेळायची ताकद होतीच. पण तिनं जोडीचा खेळ धरला. श्रुती कुरियनबरोबर २००२ पासून ओळीनं सात वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. व्ही. दिजूबरोबर मिश्र दुहेरीत जगातल्या पहिल्या दहांत जागा मिळवली.

आता हा खेळ आहे तरी कसा? एकेरीचं कोर्ट सतरा फूट रुंद, दुहेरीचं वीस. म्हणजे माणसं दुप्पट झाली तरी जागा तीनच फुटांनी वाढते. त्यामुळे फूल फार वेगानं परत येतं, विचाराला सवडच नाही. आपण मारा करतो आहोत तेव्हा एकीनं जाळीजवळ आणि दुसरीनं मागे उभं राहायचं. समोरच्या मारा करू लागल्या की लगेच दोघींनी शेजारी-शेजारी यायचं. हा बदल न बोलता, क्षणात व्हावा लागतो. ज्वाला डावरी, तिची नंतरची जोडीदारीण अश्विनी पोनप्पा उजवी. अश्विनीनं मागून सणसणीत स्मॅश हाणायचे, आणि समोरून कसंबसं परत आलेलं फूल ज्वालानं जाळीपाशी हलकेच टिपायचं. टाळ्या स्मॅशला मिळतात. पण जाळीपाशी ती नेमक्या जागी उभी नसती तर तो स्मॅश वायाच जायचा!

या दोघींनी २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. २०११ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. १९८३ च्या प्रकाश पडुकोण यांच्यानंतर भारताला या स्पर्धेत मिळालेलं हे पहिलंच पदक.

आणि मग आलं २०१२ चं लंडन ऑलिंपिक. हे मात्र सविस्तर सांगितलंच पाहिजे. गटात चार जोड्या. पहिला सामना जपानच्या मिझुकी फुजी आणि रेइका काकीइवा यांच्याशी, तो आपण हरलो. नंतर तैपेईच्या जोडीला हरवलं, सिंगापूरच्या जोडीलाही हरवलं. तीनपैकी दोन जिंकले, तरी घरी! कारण शेवटच्या दिवशी जपानची जोडी तैपेईकडून हरली, तिन्ही जोड्यांचे दोन-दोन विजय झाले आणि हिशेब गुणांच्या बेरीज-वजाबाकीवर आला. एका गुणानं आपल्या मुली मागे पडल्या. त्याच दिवशी पुढची फेरी सोपी जावी म्हणून दुसऱ्या गटांतल्या चार जोड्या मुद्दाम हरण्यासाठी खेळल्या आणि स्पर्धेतून बाद झाल्या. आपल्या संघानं जपानच्या सामन्याबद्दल तक्रार केली, ती फेटाळली गेली. फुजी-काकीइवा पुढे गेल्या आणि रौप्य घेऊन आल्या. जपानचं बॅडमिंटनमधलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. मला अजून त्या एका गुणाची हळहळ वाटते, पण त्या दोघी अंतिम फेरीपर्यंत खेळून पोचल्या, हेही मान्य करायला हवं.

चार वर्षांनी रिओत पुन्हा पहिल्याच सामन्यात जपान. आता समोर अयाका ताकाहाशी आणि मिसाकी मात्सुतोमो. एक शाळेत दुसरीच्या एक वर्ष पुढे, सेंदाईच्या एकाच शाळेतल्या, पुढे एकाच कंपनीच्या संघात. आपण १५-२१, १०-२१ असे हरलो, गटातले उरलेले सामनेही गेले. ताकाहाशी-मात्सुतोमो अंतिम सामन्यात शेवटच्या गेममध्ये १६-१९ अशा मागे होत्या. तिथून ओळीनं पाच गुण घेऊन त्यांनी सुवर्ण जिंकलं! तिकडे कंपन्या खेळाडूंना आपल्या संघात घेतात, जोड्या वर्षानुवर्षं मोडत नाहीत, आणि २००४ पासून प्रशिक्षक होते कोरियाचे पार्क जू-बोंग, जे स्वतः १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये दुहेरीचं सुवर्ण मिळवलेले.

आणि आपल्याकडे? २०१३ साली मोठ्या थाटात लीग निघाली, लिलाव झाले, पण सामन्यांत महिला दुहेरी हा प्रकारच ठेवला नाही. ज्वाला-अश्विनी यांची ठरलेली मूळ किंमत अर्ध्यावर आणली. ज्वाला गप्प बसली नाही. पुढे त्याच लीगमधल्या एका वादावरून तिच्यावर आजन्म बंदीची शिफारस झाली. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तिथे दिलासा मिळाला आणि ती पुन्हा कोर्टवर उतरली. फटकळ आहे, असं तिच्याबद्दल बोललं जातं. असेलही. पण न बोलणाऱ्या बाईला कोण विचारतं, सांगा बरं? २०१४ साली तिनं अश्विनीबरोबर राष्ट्रकुलचं रौप्य मिळवलं, आणि २०१५ मध्ये कॅनडा ओपन जिंकली.

हैदराबादजवळ तिनं अकादमी काढली. २०२५ मध्ये मुलगी झाल्यावर आपलं जादाचं दूध तिनं इतर बाळांसाठी दान केलं, हे वाचून माझ्या सासूबाईसुद्धा म्हणाल्या, “पोरगी चांगली आहे गं!”

या हिवाळ्यात खेळाल तेव्हा एवढं करून पाहा. वाऱ्यात पिसांचं फूल टिकत नाही, नायलॉनचं घ्या. मधोमध आलेलं फूल कुणाचं, हे डाव सुरू होण्याआधीच ठरवा, आणि मारताना “माझं!” असं मोठ्यानं म्हणा. आमच्याकडे शेजारच्या वहिनी आणि मी दोघीही भिडस्त. “घ्या तुम्ही,” “नाही, तुम्हीच घ्या,” करता करता फूल मध्येच पडायचं. आता वहिनी अशा ओरडतात की समोरचीच दचकते!