अतिवाहकाचा ताल का मोडतो?

बनशंकरी हे बंगळूरच्या दक्षिण भागातील गजबजलेले उपनगर. देवीच्या मंदिरामुळे परिचित असलेल्या या भागातून २०१७ सालापासून मेट्रो गाडी धावू लागली. रुळांच्या बाजूने बसविलेल्या पट्टीतून ७५० व्होल्ट दाबाची वीज घेऊन ती शहराच्या उत्तरेकडे जाते. वीज वाहताना पट्टी किंचित तापते. म्हणजेच विजेचा काही अंश कोणतेही काम न करता उष्णतेच्या रूपाने वाया जातो. घरातील इस्त्रीत हाच गुण उपयोगी पडतो. परंतु दूरवर वीज नेणाऱ्या तारांत तो निव्वळ तोटा होय. धातू विजेला जो अडथळा करतो, त्याला रोध असे म्हणतात.

हा रोध समूळ नाहीसा करता येईल काय? १९११ साली हॉलंडमधील लायडेन येथे कामरलिंग ओनेस यांनी पारा शून्याखाली २६९ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केला, तेव्हा त्यातील रोध एकाएकी लोपला. हीच अतिवाहकता. मात्र एवढी थंडी राखण्यास महागडा द्रव हेलियम लागे. १९८६ साली झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ व म्युलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये शून्याखाली सुमारे २३८ अंशांवरच हा गुण आढळला. पुढच्याच वर्षी यिट्रियम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडने ही मर्यादा शून्याखाली १८० अंशांपर्यंत वर आणली. नत्रवायू शून्याखाली १९६ अंशांवर द्रव होतो. तेव्हा आता स्वस्त द्रव नत्रवायूवर काम भागू लागले. याच १९८७ साली बंगळूरच्या उत्तर भागातील भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आर. राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी या संयुगाविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. अशा ऑक्साइडांचा अभ्यास तेथे त्यापूर्वी कित्येक वर्षे चालला होता.

तरीही आपल्या विजेच्या तारा अद्याप तांब्याच्या व ॲल्युमिनियमच्याच आहेत. अतिवाहकता जितकी विलक्षण, तितकीच ती नाजूक असते. ती कशी हरपते, हे समजल्यावाचून तिचा भरवसा धरता येत नाही.

लेझीमचा मोठा ताफा डोळ्यांपुढे आणावा. गडी जोडीजोडीने उभे आहेत आणि साऱ्या जोड्या एकाच तालावर पावले टाकीत आहेत. अतिवाहकातील इलेक्ट्रॉनांचे असेच असते. एरवी एकएकटे धडपडणारे हे कण थंडीत जोड्या जमवितात आणि सर्व जोड्या एकाच तालाने पुढे सरकतात. असा ताफा वाटेतील लहानसहान धक्क्यांनी विस्कळीत होत नाही. म्हणून रोध उरत नाही. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ साली ही उपपत्ती मांडली. शिशासारख्या साध्या धातूत उष्णतामान वाढले की जोड्या फुटतात आणि त्याच क्षणी ताल संपतो.

तांब्याच्या ऑक्साइडांत मात्र प्रकार निराळा दिसतो. तेथे जोड्यांची संख्याच थोडी असते. विरळ उभ्या असलेल्या ताफ्यात एकाचा ताल दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचत नाही. तसेच येथे होते. जोड्या कायम असतानाही त्यांचा ताल बिघडू शकतो, आणि ताल बिघडताच रोध परत येतो. एमरी व किव्हेलसन यांनी १९९५ साली हा विचार ठामपणे पुढे मांडला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली असेच काहीसे दाखविले. त्यांचा पदार्थ तांब्याचा ऑक्साइड नव्हता. तो नायोबियम नायट्राइडचा पातळ थर होता. त्या थराच्या रचनेत पुष्कळ अव्यवस्था असली, तर अतिवाहकता गेल्यानंतरही जोड्यांची खूण शिल्लक राहते, असे त्यांना आढळले.

जोड्या किती असाव्यात, हे पदार्थाच्या घडणीवर अवलंबून असते. यिट्रियमच्या संयुगात प्राणवायूचे सुमारे सात अणू असले, तर तो उत्तम अतिवाहक ठरतो. पदार्थ फार तापवून ही संख्या सहावर आणली, की तोच पदार्थ विद्युत्रोधक बनतो. प्राणवायूच्या सान्निध्यात पुन्हा भाजला असता त्याचा गुण परत येतो. उलटपक्षी, विद्युत्भार वाहणारे कण प्रमाणाबाहेर वाढविले, तरीही अतिवाहकता मावळते. अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत बोझोविच यांनी दोन हजारांहून अधिक पातळ थर तपासून २०१६ साली दाखविले की, अशा अवस्थेत एकूण कण वाढत असताना तालात चालणारे कण मात्र घटत जातात. असे का व्हावे, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही.

आणखी एक शत्रू म्हणजे चुंबकीय क्षेत्र. ते या पदार्थांत बारीक भोवऱ्यांच्या रूपाने शिरते. ॲब्रिकोसोव्ह यांनी १९५७ साली हे भोवरे प्रथम गणिताने वर्णिले. भोवरे जागच्या जागी स्थिर असले, तर काही बिघडत नाही. परंतु मोठा प्रवाह सोडताच ते ढकलले जाऊन सरकू लागतात, आणि सरकणारा भोवरा रोध निर्माण करतो. तारेत एखाद्या ठिकाणी असे घडले, तर ती जागा तापते, शेजारचा भाग तापवते आणि थोड्याच वेळात सारी तार अतिवाहकता गमावून बसते. यावर दोन उपाय योजतात. पदार्थात मुद्दाम सूक्ष्म दोष पेरले जातात. दावणीला गुरे बांधावीत तसे भोवरे त्यांना अडकून राहतात. शिवाय तारेवर तांब्याचा थर देतात, म्हणजे संकटसमयी प्रवाहाला दुसरी वाट मिळते.

या उपायांचे फळ प्रत्यक्ष दिसले आहे. जर्मनीतील एसेन शहरात २०१४ साली सुमारे एक किलोमीटर लांबीची अतिवाहक केबल शहराला वीज पुरवू लागली. द्रव नत्रवायूने ती थंड ठेवली जात असे. अशा केबली सर्वत्र याव्यात, तर अधिक उष्णतामानावर जोड्या जमविणारे पदार्थ शोधणे एवढेच पुरेसे नाही. जोड्या भरपूर असाव्यात, त्यांचा ताल टिकावा आणि भोवरे जागचे हलू नयेत, या तिन्ही गोष्टी एकाच पदार्थात साधाव्या लागतील. बंगळूर, मुंबई आणि जगातील अन्य प्रयोगशाळांतून चाललेल्या शोधाचे मर्म हेच आहे.